मोठं गिऱ्हाईक नाकारणारा रशियन रायडर

जॉबवर्कच्या रेटवर केलेल्या व्हिडिओत एमिल सैफुतदिनोवचं नाव घेतलं होतं, पण तिथं वेळ पुरला नाही. आज जरा सविस्तर, कारण माझं मत ठाम आहे: 2014 साली या माणसानं जे केलं ते बरोबर केलं.

आधी खेळ समजून घ्या. स्पीडवे म्हणजे मातीच्या अंडाकृती ट्रॅकवर चार रायडर, चार फेऱ्या, मिनिटभरात खेळ खल्लास. गाडी 500 सीसीची, मिथेनॉलवर चालणारी, गिअर एकच आणि ब्रेक नाहीच! पहिल्याला 3 गुण, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1, शेवटच्याला भोपळा. पोलंडच्या लीगमध्ये क्लब रायडरला पैसे देतात ते मुख्यतः गुणांवर. गाड्या, इंजिनचं काम, मेकॅनिक, व्हॅन हा सगळा व्याप रायडरचा. आपल्या गडमुडशिंगीजवळ गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पीस रेटवर काम करणाऱ्याचा हिशेब यापेक्षा काय वेगळा आहे? मशीन माझं, माणसं माझी, पैसे नगावर. आणि नग रिजेक्ट झाला की भोपळा.

एमिल 1989 चा, बाश्कोर्तोस्तानातल्या सलावतचा. 2007 आणि 2008, लागोपाठ दोन वर्षं 21 वर्षांखालील जगज्जेता. 2009 ला ग्रांप्रीत आला, प्रागची पहिलीच फेरी जिंकली आणि वर्षाअखेर जगात तिसरा. वय फक्त 19-20! 2013 मध्ये जेतेपदाच्या शर्यतीत असताना दुखापत झाली. तरी 2014 साठी जागा होती. त्यानं ती सोडली. कारण सांगितलं, पैशाचं गणित बसत नाही.

लोकांना हे पटत नाही. जगातली सर्वात मोठी स्पर्धा कोण सोडतं? पण ग्रांप्रीसाठी युरोपभर गाड्या आणि माणसं फिरवायची, खर्च आपल्याच खिशातून. त्याचं पोट लीगवर होतं. आपल्याकडं पोरं मोठ्या कंपनीचा व्हेंडर कोड मिळाला की पेढे वाटतात. रेट कसला, पेमेंट कधी, डाय कुणाच्या खर्चानं, हे विचारायला लाजतात. कायदा 45 दिवस म्हणतो, प्रत्यक्षात तीन-तीन महिने थांबणारे मी पाहिलेत, आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही. बोर्डावर कंपनीचं नाव लावून पगार भागत नाहीत.

बरं, एमिल कायमचा गेला का? नाही. 2017 ला परत ग्रांप्रीत आला, 2019 आणि 2021 ला पुन्हा तिसरा. सोडलेलं गिऱ्हाईक परत मिळतं, बुडालेलं भांडवल मिळवणं फार अवघड.

पण त्याची गोष्ट गुळगुळीत नाही, तेही सांगतो. युक्रेन युद्धानंतर 2022 मध्ये रशियन रायडरांवर बंदी आली. ग्रांप्री गेली आणि पोलंडची लीगसुद्धा. ज्या गिऱ्हाइकावर भिस्त तेच एका झटक्यात बंद. पोलिश नागरिकत्व होतं म्हणून 2023 ला लीगचं दार उघडलं आणि तो तोरूनकडून उतरला. जागतिक स्पर्धेचं दार तेव्हाही बंदच राहिलं.

तर आज रात्री गेल्या बारा महिन्यांची बिलं काढा. प्रत्येक गिऱ्हाइकापुढं दोनच आकडे लिहा: खर्च वजा जाता हातात किती राहिले, आणि पैसे किती दिवसांनी आले. सगळ्यात मोठ्या नावापासून सुरुवात करा.