‘स्वेच्छेने निघून गेली’ हे कोणी ठरवायचे?

कोल्हापूर जिल्ह्यातील आळते गावची एक लेक स्पर्धापरीक्षा उत्तीर्ण होऊन महाराष्ट्र पोलीस दलात अधिकारी झाली. ग्रामीण महाराष्ट्रात असे यश एका घरापुरते राहत नाही. ते गावाचे होते. अश्विनी बिद्रे हे तिचे नाव. एप्रिल २०१६ मध्ये ती नवी मुंबईत सहायक पोलीस निरीक्षक होती. ११ एप्रिल २०१६ नंतर ती कोणालाही दिसली नाही. मागे वृद्ध पिता, भाऊ, पती आणि एक लहान मुलगी राहिली.

तिच्या माणसांनी तिला शोधायला आरंभ केला, तेव्हा त्यांच्या वाट्याला आलेला अनुभव सामान्य नागरिकाच्या अनुभवाहून तसूभरही निराळा नव्हता. जुलै २०१६ मध्ये कळंबोली पोलीस ठाण्यात ती बेपत्ता असल्याची नोंद झाली. दलातील वरिष्ठ अधिकारी अभय कुरुंदकर याच्यावर कुटुंबाचा संशय होता आणि तो त्यांनी दडवून ठेवला नाही. तरीही अपहरणाचा गुन्हा नोंदला जाण्यास जानेवारी २०१७ ची अखेर उजाडली. संशयिताला अटक झाली ती डिसेंबर २०१७ मध्ये, म्हणजे ती नाहीशी झाल्यावर सुमारे वीस महिन्यांनी. दरम्यान कुटुंबाला उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. तिच्या भ्रमणध्वनीवरून ती हयात असल्याचे भासवणारे संदेश खुनानंतरही धाडले गेले होते, हे पुढे तपासात उघड झाले. आणि याच काळात, २०१७ साली, कुरुंदकराचे नाव राष्ट्रपती पोलीस पदकाच्या मानकऱ्यांत झळकले! ज्याच्याविरुद्ध एक पिता न्याय मागत होता, त्याच्याच छातीवर शासन पदक लावण्यास निघाले होते. या शिफारशीबद्दल पुढे न्यायालयानेही आश्चर्य व्यक्त केले.

मार्च २०१८ च्या सुमारास खुनाचे भीषण स्वरूप बाहेर आले. मृतदेहाचे तुकडे करून ते वसईच्या खाडीत टाकण्यात आले होते. खाडीचा तळ धुंडाळण्याचे प्रयत्न झाले. परंतु जवळजवळ दोन वर्षांच्या भरती-ओहोटीनंतर तेथे काय हाती लागणार? अवशेष मिळाले नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या सत्र न्यायालयाने कुरुंदकराला खुनाबद्दल दोषी ठरवून जन्मठेप सुनावली. पुरावा नष्ट करण्यास साहाय्य करणाऱ्या दोघांना सात वर्षांची शिक्षा झाली, आणखी एका आरोपीची निर्दोष मुक्तता झाली. घटनेपासून निकालापर्यंत नऊ वर्षे लोटली होती.

‘न्याय झाला’ असे म्हणून या प्रकरणाची पाने मिटणे सोपे आहे. न्यायालयाने आपले काम केले, शेवटच्या टप्प्यातील तपास अधिकाऱ्यांनी आणि सरकारी वकिलांनीही केले. प्रश्न त्या आधीच्या महिन्यांचा आहे. जी स्वतः गणवेश घालून इतरांच्या तक्रारी नोंदवीत होती, तिच्यासाठी तिच्याच खात्याची ही तत्परता असेल, तर परगावी वसतिगृहात राहणारी विद्यार्थिनी, रात्रपाळी करणारी परिचारिका किंवा ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेलेली मुलगी नाहीशी झाली, तर तिला कोण शोधणार?

हा प्रश्न अपवादात्मक नाही. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत देशभरात अठरा वर्षांवरील १०,६१,६४८ स्त्रिया आणि अठरा वर्षांखालील २,५१,४३० मुली बेपत्ता झाल्याच्या नोंदी आहेत. एकट्या महाराष्ट्रातील प्रौढ स्त्रियांची संख्या १,७८,४०० होती. जिजाऊंचे आणि अहिल्याबाईंचे नाव सभासमारंभांत उठता-बसता घेणाऱ्या राज्याने हा आकडा थोडा वेळ डोळ्यांपुढे ठेवावा. यातील अनेकजणी पुढे सापडल्या, परतल्या, हे खरेच. पण ज्या परतल्या नाहीत त्यांच्या घरांना सरासरीचा दिलासा काय कामाचा?

पोलीस ठाण्यात नेमके काय घडते, ते या वाटेने गेलेल्या घरांना ठाऊक आहे. ‘मनुष्य मिसिंग’ या नावाची एक नोंदवही असते. तीत नाव, वय, उंची, वर्ण, अंगावरील कपडे यांची नोंद होते, छायाचित्र घेतले जाते आणि ठाणे अंमलदार आपुलकीने सांगतो, “दोन दिवस वाट पाहा, नातेवाइकांकडे विचारा, येईल परत.” त्यानंतर आवाज किंचित खाली आणून विचारले जाते, “कोणाशी काही होते का?” येथेच शोध संपतो. ही नोंद म्हणजे प्रथम माहिती अहवाल नव्हे. तिच्यामुळे गुन्ह्याचा तपास सुरू होत नाही. गुन्हा नोंदवायचा तर गुन्हा घडल्याचे दिसले पाहिजे, आणि तो दिसावा म्हणून आधी शोध घ्यायला हवा! या चक्रात सापडलेल्या कुटुंबाला मग स्वतःच तपास अधिकारी व्हावे लागते. भाऊ नोकरी सोडून बसस्थानके पालथी घालतो, बाप दुकानदारांच्या हातापाया पडून कॅमेऱ्यातील चित्रण दाखवा म्हणून विनवतो. ते चित्रण बहुधा काही आठवड्यांत आपोआप पुसले जाते. वाट पाहण्याचा सल्ला देणाऱ्यांना हे ठाऊक नसते असे नाही.

अल्पवयीन मुलांच्या बाबतीत न्यायव्यवस्थेने ही कोंडी बऱ्याच अंशी फोडली आहे. अपहृत अल्पवयीन मुलींच्या शोधासाठी सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच निर्देश दिले होते. मे २०१३ मध्ये ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर न्यायालयाने सांगितले की, बालक बेपत्ता झाल्याची तक्रार आली की अपहरण किंवा मानवी व्यापार घडला असावा असे गृहीत धरून गुन्हा नोंदवावा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच तो नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक असल्याचे ठरवले. हे प्रकरणही उत्तर प्रदेशातील एका पित्याच्या बेपत्ता मुलीचे होते, हे फारसे कोणी लक्षात ठेवत नाही. परंतु मुलगी अठराव्या वाढदिवसाची सीमा ओलांडते आणि हे गृहीतक एका रात्रीत उलटे होते. सतरा वर्षे अकरा महिन्यांची मुलगी नाहीशी झाली तर अपहरण. अठरा वर्षे एक महिन्याची झाली तर ‘स्वेच्छेने निघून गेली’. तिला पळवणाऱ्याला, विकणाऱ्याला, मारणाऱ्याला हा फरक चांगला समजतो.

यावर एक ठराविक उत्तर तयार असते. प्रौढ स्त्री स्वतंत्र आहे. तिला घर सोडून जाण्याचा अधिकार आहे. पोलिसांनी तिच्या मागे का लागावे? अधिकार आहे, निश्चितच आहे. कुटुंबाला न रुचणाऱ्या ठिकाणी जाण्याचा, न रुचणारे जीवन जगण्याचाही तो आहे. पण ‘मी माझ्या इच्छेने आले आहे’ हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार त्या स्त्रीचा आहे, ठाणे अंमलदाराचा नव्हे. ते तिच्या तोंडून, दडपणाविना, महिला अधिकाऱ्यासमोर नोंदवले जावे. तिची इच्छा नसेल तर तिचा पत्ता घरच्यांनाही देऊ नये. ती जिवंत आहे, मुक्त आहे आणि हे तिने स्वतः सांगितले आहे, एवढेच त्या घराला कळवावे. यासाठी तिला शोधावे मात्र लागते. न शोधताच तिची इच्छा जाहीर करून टाकणे याला स्वातंत्र्याचा आदर म्हणायचे की कामचुकारपणा?

ज्या समाजाच्या आदिकाव्याचा मोठा भाग एका नाहीशा झालेल्या स्त्रीच्या शोधाने व्यापला आहे, त्याला तरी हे समजावून सांगावे लागू नये. राज्य मिळताच भोगात रमलेल्या सुग्रीवाला दिलेल्या वचनाचा विसर पडला, तेव्हा लक्ष्मण क्रुद्ध होऊन किष्किंधेच्या दारात उभा राहिला. मग चारी दिशांना पथके निघाली आणि सुग्रीवाने त्यांना एका महिन्याची मुदत घालून दिली. मुदत टळली तेव्हा राजाला तोंड कसे दाखवावे, या भयाने अंगदादी वीर प्राणत्यागाला बसले. शोधाला मुदत होती आणि चुकल्याचा जाब होता. आजच्या नोंदवहीत या दोन्हींसाठी रकाना नाही.

बोट केवळ शासनाकडे दाखवून मात्र भागणार नाही. मुलगी नाहीशी झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस कित्येक सुशिक्षित घरे गप्प राहतात. शेजाऱ्यांना कळू नये, धाकटीचे लग्न अडू नये, म्हणून ‘मावशीकडे गेली आहे’ असे सांगितले जाते. शोधाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे तास अशा रीतीने अब्रूच्या पायी वाया जातात. आणि बातमी फुटली की कुजबुज सुरू होते. अश्विनी बिद्रे यांच्या खासगी आयुष्याची केवढी चर्चा झाली! पतीपासून ती वेगळी का राहत होती, त्या अधिकाऱ्याशी तिचे संबंध कसे होते, यावर चहाच्या टपरीपासून दिवाणखान्यापर्यंत सर्वांची मते तयार होती. तिचे वर्तन कोणाला पटो वा न पटो. त्यामुळे तिचा जीव स्वस्त होत नाही, तिच्या मुलीचे आईविना वाढणे सुसह्य होत नाही. ‘तशीच होती’ हा शेरा समाज मारतो आणि पोलीस त्याचाच आधार घेऊन नोंदवही मिटतात.

शोधात अडकलेल्या घराची आणखी एक दुर्दशा फारशी बोलली जात नाही. ज्याच्याविषयी सात वर्षे काही ऐकू आले नाही, तो मृत मानला जावा, असे पुराव्याचा कायदा सांगतो. तोवर ती व्यक्ती कागदोपत्री जिवंतच असते. तिचे बँक खाते, विमा, निवृत्तिवेतन यांचे प्रश्न लोंबकळत राहतात. घरात तिच्या नावाने दिवा लावावा की तिच्यासाठी दार उघडे ठेवावे, हेही ठरत नाही. श्राद्ध करणे म्हणजे आशा सोडल्याचा गुन्हा वाटतो, न करणे म्हणजे तिच्यावर अन्याय. अशी घरे प्रत्येक तालुक्यात आहेत. सण-उत्सवांच्या निमंत्रणांतून ती हळूहळू वगळली जातात, कारण त्यांच्याशी काय बोलावे हे कोणाला सुचत नाही.

गावोगावी संपर्क असलेल्या कार्यकर्त्यांना येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. अशा कुटुंबाबरोबर पहिल्याच दिवशी ठाण्यात जावे. नोंदीची प्रत मागावी, संशय असल्यास तो तोंडी न सांगता लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. परिसरातील चित्रण जतन करण्याचा लेखी अर्ज त्याच दिवशी करावा. दूरध्वनी कंपन्यांना संभाषणाच्या नोंदी किमान दोन वर्षे ठेवाव्या लागतात. त्या मागवण्याचा अधिकार पोलिसांना आहे आणि तो वापरला की नाही, हे दर पंधरवड्याला विचारता येते. ठाण्यात एकटा बाप गेला तर त्याला बाकावर बसवले जाते. बरोबर दहा माणसे असली की खुर्ची मिळते. हे चित्र लाजिरवाणे आहे, पण आज तरी खरे आहे.

शासनाकडे मात्र मागणी स्पष्ट असावी. प्रौढ स्त्री बेपत्ता झाल्याची तक्रार ठराविक दिवसांत उलगडली नाही, तर ती आपोआप गुन्ह्याच्या तपासात रूपांतरित झाली पाहिजे. संशयित पोलीस दलातीलच असेल तर तपास पहिल्या दिवसापासून दुसऱ्या यंत्रणेकडे गेला पाहिजे. आणि विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात आपापल्या आमदाराकरवी गृहखात्याला एक साधा प्रश्न विचारला जावा: गेल्या वर्षी ‘स्वेच्छेने निघून गेली’ असा शेरा मारून मिटवलेल्या प्रकरणांपैकी किती प्रकरणांत त्या स्त्रीचा स्वतःचा, तिच्या स्वाक्षरीचा जबाब कागदावर आहे?