शहराच्या मध्यभागी राहणाऱ्यांची मोजदाद

२००१ च्या जनगणनेत कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मुंबई शहर जिल्ह्यात ३३ लाख ३८ हजार माणसे मोजली गेली. २०११ मध्ये ती ३० लाख ८५ हजार भरली. दहा वर्षांत अडीच लाख माणसे कमी झाली आणि नेमक्या त्याच दहा वर्षांत लोअर परळ, वरळी, लालबागच्या पट्ट्यात मनोरे चढत होते. बांधकाम वाढते आणि वस्ती घटते, हा हिशेब प्रत्येक वास्तुविशारदाने आणि नगररचनाकाराने डोळ्यांसमोर ठेवावा असा आहे.

शहराच्या गाभ्यात घरे बांधायला हवीत, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. कामाच्या जागेजवळ राहणारा माणूस लोकलच्या दारात लटकत नाही, पाण्याच्या आणि मलनिस्सारणाच्या वाहिन्या तिथे आधीपासून आहेत, बाजार, शाळा, दवाखाना चालत्या अंतरावर आहे. वाद आहे तो घरे कोणासाठी बांधायची याचा. पुनर्विकासाच्या प्रस्तावात चटई क्षेत्र निर्देशांक दोन दशांश स्थळांपर्यंत काढलेला असतो. कुटुंबांची बेरीज मात्र सहसा पात्र भाडेकरूंच्या यादीपाशीच थांबते.

मुळात चाळी मोडकळीस आल्या त्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर. भाडे गोठले, मालकाने डागडुजी सोडली, पागडीचा व्यवहार रुजला. १९६९ च्या कायद्याने उपकर लावून दुरुस्ती मंडळ उभे केले, तेव्हा बेट शहरात १९,६४२ उपकरप्राप्त इमारती होत्या. आजच्या पुनर्विकासाचा मोठा भाग याच वारशाचा आहे. विकास नियंत्रण नियमावलीच्या नियम ३३(७) खाली रहिवाशांना मोफत घर द्यायचे आणि खर्च विक्रीच्या सदनिकांतून काढायचा, ही पद्धत तिथूनच आली.

कागदावर ती सोपी दिसते. गिरगावातल्या अरुंद भूखंडावर ती उतरवताना काय होते, हे या व्यवसायातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बाजूची मोकळी जागा सवलतीत कमी होते, खालचे मजले वाहनतळाला जातात, पुनर्वसनाची इमारत विक्रीच्या इमारतीच्या सावलीत येते. चाळीतली गॅलरी ही हवा, उजेड आणि शेजार यांची एकत्र सोय होती. नव्या नकाशात तिच्या जागी भर दुपारी ट्यूबलाइट लागणारा बोळ येतो. खोली मोठी झाली, शौचालय घरात आले, हा फार मोठा लाभ आहे आणि तो कमी लेखू नये. पण मधल्या मार्गिकेला दोन्ही टोकांना उघडी खिडकी ठेवणे हे सवलतीच्या नियमांतही जमते. त्यासाठी ती खिडकी पहिल्या आराखड्यात असावी लागते.

एकेक भूखंड सुटा घेण्यापेक्षा समूह विकास बरा, हे भेंडी बाजारात दिसते. तिथे २००९ मध्ये स्थापन झालेल्या न्यासाने साडेसोळा एकरांतल्या सुमारे २५० इमारती, ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने एकत्र हाताळायला घेतली. रस्ते रुंद करता येतात, इमारतींत अंतर ठेवता येते, आणि विशेष म्हणजे दुकानदार आपल्या दुकानासकट त्याच बाजारात राहतो. पहिले जोडमनोरे २०२० मध्ये पूर्ण झाले. एवढ्या मोठ्या कामाला लागणारा काळ हीच त्याची जोखीम आहे. याच वस्तीत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी हुसैनी इमारत कोसळून ३३ जण मृत्युमुखी पडले. धोकादायक इमारत रिकामी करणे हा वेळापत्रकातला पहिला टप्पा असला पाहिजे, आणि संक्रमण घर जवळ असेल तरच माणसे वेळेवर बाहेर पडतात.

गिरणगावाचा धडा वेगळा आहे. १९८२ च्या संपानंतर बंद पडत गेलेल्या गिरण्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीसाठी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला: एक तृतीयांश महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला, उरलेली मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती केली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. सार्वजनिक वाट्याला आलेली जमीन त्यामुळे फार आक्रसली. २०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांसाठी ६,९२५ घरांची सोडत काढली, तेव्हा अर्जदार दीड लाखाच्या आसपास होते. उरलेल्यांपुढे आज शेलू-वांगणीचे पर्याय ठेवले जातात. ज्यांच्या श्रमावर हा गाभा उभा राहिला, त्यांना कर्जतच्या वाटेवरची घरे दाखवावी लागणे हे नियोजनाचे अपयश आहे आणि ते तसेच म्हटले पाहिजे.

गिरणगावातल्या या बदलाची उरलेली किंमत रेल्वे स्थानकाने मोजली. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, पण पादचारी पूल जुनेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले.

हे सगळे धडे समोर असताना बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाकडे सगळ्या व्यवसायाने बारकाईने पाहायला हवे. १९२० च्या दशकात बांधलेल्या २०७ इमारती, तळमजला अधिक तीन, प्रत्येकी ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांची घरे त्याच जागी मिळाली. बारा वर्षे देखभाल म्हाडाकडे आहे. त्यानंतर चाळीस मजल्यांच्या उद्वाहकांचा, पंपांचा आणि अग्निशमन यंत्रणेचा खर्च याच कुटुंबांवर येईल. तो आकडा आजच काढून त्यांच्या हाती देणे हे प्रकल्प सल्लागाराचे काम आहे. घर टिकवता न आल्याने ते विकून विरारला जाणारे कुटुंब कोणत्याही नकाशावर दिसत नाही.

आता भुयारी मेट्रो मार्गिका-३ ही ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत धावते. काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोडला स्थानके आहेत. त्यांच्याभोवती पुनर्विकासाचे प्रस्ताव वाढणार, हे उघड आहे. त्या प्रस्तावांत विक्रीच्या घटकातही ३५०-४५० चौरस फुटांच्या सदनिका असाव्यात, स्थानकाला लागून असलेल्या इमारतीत वाहनतळाचे मजले कमी करावेत, आणि प्रत्येक अहवालाला एक पान जोडावे: आधी किती कुटुंबे होती, किती परत आली, किती नवी येणार. २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४.८ लाख घरे रिकामी आढळली होती. पुढची जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाने होते आहे. तिच्या घरयादीत रिकाम्या घरांचा रकाना वेगळा असतो. प्रभागवार आकडे आले की व्यावसायिक संघटनांनी आपापल्या प्रकल्पांशी ते ताडून पाहावेत.