तुझ्यावाचून त्याचं कसं होणार?

मैत्रिणींनो, परदेशात पाळलेल्या एका कुत्र्याबद्दल या पानांवर लिहायचं म्हणजे काहीजणींच्या कपाळाला आठ्या पडतील, याची मला कल्पना आहे. रेशनपासून घरातल्या मारहाणीपर्यंत इतके प्रश्न पुढ्यात असताना हे कसलं सुखवस्तू दुखणं? मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं, म्हणून गप्प होते. पण गेल्या पावसाळ्यात मी पुण्याला आले असताना आपल्या बैठकीत घरकामावर बोलणं निघालं आणि मी सहज आमच्या मोत्याची गोष्ट सांगितली. तेव्हा जिच्या दारात तीन शेळ्या आहेत अशी एक मैत्रीण म्हणाली, "बाई, हे तर माझंच झालं." म्हणून लिहायचं धाडस करते आहे.

मी २०१६ साली नवऱ्याबरोबर जर्मनीत स्टुटगार्टला गेले. मोटारींच्या उद्योगामुळे पुण्याकडचे पुष्कळ इंजिनियर तिथे असतात, माझा नवरा त्यांच्यापैकीच एक. मी पुण्यात ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते. तिथे गेल्यावर शिकवणं सुटलं. खरं तर जर्मनीत जोडीदार म्हणून येणाऱ्यांना २०१३पासून पहिल्या दिवसापासूनच नोकरी करता येते. अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर गेलेल्यांच्या बायकांना २०१५पर्यंत ती मुभाच नव्हती, आणि त्यानंतरही त्यातल्या काहीजणींनाच मिळाली. त्या मानाने मी नशीबवान. पण परवानगी असणं वेगळं आणि नोकरी मिळणं वेगळं. शाळेत शिकवायचं तर जर्मन भाषा चांगली वरच्या पातळीची हवी. तोवर मी 'घरीच' होते. हा 'घरीच' शब्द लक्षात ठेवा, पुढे तो फार कामाला येणार आहे.

२०१९ साली आम्ही प्राण्यांच्या निवाऱ्यातून एक तपकिरी, मोठ्या कानांचा कुत्रा घरी आणायचं ठरवलं. आम्हाला मूल नाही. आणावंसं दोघांनाही वाटलं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. तिथे कुत्रा असा हातात देत नाहीत. मोठा अर्ज असतो, घर बघायला माणूस येतो. त्या अर्जात दोन प्रश्न होते. कुत्रा दिवसातून किती तास एकटा राहील? तुम्ही आजारी पडलात किंवा सुट्टीवर गेलात तर त्याला कोण सांभाळेल? नवऱ्याने पहिल्या प्रश्नापुढे लिहिलं, 'एकटा राहणार नाही, पत्नी घरीच असते.' दुसऱ्यापुढे लिहिलं, 'पत्नी.' मी शेजारीच बसले होते. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट बरंच वाटलं. परक्या देशात कुणालातरी माझी गरज लागणार होती.

मोत्या आला आणि माझा दिवस त्याच्या पायांनी चालू लागला. सकाळी सहाला बाहेर, दुपारी बाहेर, रात्री दहाला बाहेर. जानेवारीत सकाळी आठपर्यंत नीट उजाडत नाही, पायाखाली बर्फ असतो. त्याला न्यायचं, आल्यावर पाय पुसायचे, केस झाडायचे, जेवण, लस, डॉक्टर, नगरपालिकेचा कुत्र्यावरचा वार्षिक कर भरायची तारीख लक्षात ठेवायची. शनिवार-रविवारी नवरा त्याला नदीकाठी पळवायला न्यायचा. फोटो यायचे ते त्या दिवसांचे. ओळखीचे म्हणायचे, "किती जीव लावतोय हो तुमचा नवरा कुत्र्याला!" लावतच होता. जीव दोघांचा होता, काम एकीचं होतं.

२०१९ साली आपल्या देशात सरकारने वेळेच्या वापराची पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो आणि पुरुषांचा ९७ मिनिटं, असं दिसलं. जर्मनीतल्या २०२२च्या पाहणीत बिनपगारी कामाचे बायकांचे आठवड्याला जवळजवळ ३० तास भरले, पुरुषांचे जवळजवळ २१. अंतर कमी आहे, पण दिशा तीच. आणि एक गोष्ट मला नंतर कळली. या दोन्ही पाहण्यांमध्ये पाळीव प्राण्यांची देखभालही घरकामातच मोजलेली आहे. म्हणजे मोजणाऱ्यांना ते काम आहे हे कळतं. घरात मात्र त्याला 'हौस' म्हणतात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मोत्यामुळे मला रस्ता मिळाला. आपल्याकडे रात्री दहाला बाई एकटी कोपऱ्यावर उभी राहिली तर चार माणसं वळून बघतात. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक २०११ साली आलं. बाईला घराबाहेर असण्यासाठी कायम काहीतरी कारण दाखवावं लागतं, नुसतं हिंडण्याचा हक्क तिला नाही, हे त्यात मुंबईच्या संदर्भात मांडलं आहे. स्टुटगार्टमध्ये माझं कारण माझ्या हातातल्या पट्ट्याला बांधलेलं असायचं. कुत्रेवाल्या बायका थांबून बोलायच्या. माझं निम्मं जर्मन मी त्यांच्याकडून शिकले. पण हेही खरं की मोत्या नसता तेव्हा मी स्वतःहून बाहेर पडत नसे. म्हणजे कारण लागत होतंच, फक्त ते चार पायांचं होतं.

जर्मनीत कुत्र्यांसाठी सरकारी नियम आहेत. २०२२पासून ते आणखी कडक झाले. कुत्र्याला मोकळ्या हवेत पुरेसं हिंडवलं पाहिजे, दिवसातून अनेकदा माणसाचा सहवास मिळाला पाहिजे, इतर कुत्र्यांशी नेमाने भेट झाली पाहिजे. मी हे वाचलं तेव्हा हसू आलं आणि मग हसू गेलं. माझ्या गावाहून लग्न करून आलेल्या दोन मुली मला माहीत आहेत. त्यांना आठवडाभर नवऱ्याखेरीज बोलायला माणूस नसतो. कायदा त्यांच्या बाबतीत वेगळंच काही सांगतो. जोडीदार म्हणून आलेल्या बाईचा संसार जर्मनीत तीन वर्षं झाल्याशिवाय तिला नवऱ्यापासून वेगळं होऊन स्वतःच्या हक्काने तिथे राहता येत नाही. छळ होत असेल तर अपवाद आहे, पण तो तिने पुढे येऊन मांडायचा. कुत्र्यांना सहवास मिळू नये असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्यांची गरज लिहून ठेवण्याइतकी स्पष्ट वाटली, या मुलींची वाटली नाही, एवढंच मला दिसतं.

आता सुट्टीबद्दल. २०२२च्या उन्हाळ्यात आम्ही उत्तर समुद्रातल्या नॉर्डर्नाय बेटावर गेलो. रेल्वेने दिवसभराचा प्रवास, मग बोट. मोठ्या कुत्र्याला रेल्वेत अर्धं तिकीट लागतं, तोंडाला जाळी आणि गळ्यात पट्टा लागतो. बेटावर कुत्र्यांसाठी वेगळा किनारा आहे. कुत्रा घेऊन हॉटेलात राहणं महाग आणि अवघड, म्हणून आम्ही स्वयंपाकघर असलेलं सुट्टीचं घर घेतलं. तिथे स्वयंपाकघर असणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. मोत्याचं जेवण, भांडी, टॉवेल, औषधं, त्याचं लसीचं निळं पासबुक, आमचे डबे, हे सगळं मी बांधलं. तिथे आठ दिवस दोन वेळा स्वयंपाक केला. निघताना कुत्र्याचे केस राहिले म्हणून जास्तीचे पैसे पडू नयेत, यासाठी पहाटे उठून फरशी पुसली. परतीच्या गाडीत नवरा म्हणाला, "फार विश्रांती मिळाली." तो खोटं बोलत नव्हता. मी खिडकीबाहेर बघत होते आणि माझ्या लक्षात आलं की मी फक्त समुद्रापाशी नेऊन घरकाम केलं होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. २०२३च्या फेब्रुवारीत आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. माझं माहेर सांगली जिल्ह्यात, शस्त्रक्रिया मिरजेला होणार होती. रात्री दादाचा फोन आला. मी नवऱ्याला म्हटलं, "मला निघायला हवं." त्याचा चेहरा खरोखर पडला होता, आईवर त्याचाही जीव आहे. पण त्याच्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते असं : "अगं, पण तुझ्यावाचून मोत्याचं कसं होणार?"

त्याचं ऑफिस, मोत्याला माझीच सवय, कुत्री ठेवून घेणाऱ्या जागा महिनाभर आधी भरलेल्या. बरोबर न्यावं तर भारतातून कुत्रा परत आणण्यासाठी रेबीजची रक्तचाचणी आणि कागदपत्रं, त्याला वेळ लागतो. प्रत्येक अडचण खरी होती. आणि प्रत्येक अडचण सोडवायला मीच बसले होते. शेजारणींना विचारलं, फोन केले, यादी केली, पंधरा दिवसांचं जेवण शिजवून बर्फात ठेवलं. निघाले तेव्हा बारावा दिवस उजाडला होता. आईची शस्त्रक्रिया होऊन गेली होती.

खाटेवर पडलेल्या आईने मला बघितलं आणि विचारलं, "कुत्र्याची सोय लावून आलीस का गं?" त्यात टोमणा नव्हता. मी रडायला लागले तेव्हा तिने मला जे सांगितलं ते चाळीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. तिची आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला तेव्हा गोठ्यात म्हैस विणार होती. आजी म्हणाली, 'तू गेलीस तर म्हशीचं कसं होणार? ती दुसऱ्याला हात लावू देत नाही.' आई थांबली. म्हैस व्याली, आई तिसऱ्या दिवशी माहेरी पोचली, तोवर सगळं आटोपलं होतं. "म्हशीवर माझा राग नव्हता," आई म्हणाली, "पण घरात चार बाप्ये होते."

मैत्रिणींनो, माझं मत एवढंच आहे. 'तुझ्यावाचून कसं होणार' हे वाक्य कौतुकाचं वाटतं. आपल्याला ते ऐकून बरंही वाटतं, कारण दुसरं कुणी आपलं एवढं मोल करत नाही. पण ते दावं आहे. म्हैस, शेळ्या, सासूबाई, मूल, कुत्रा, दाव्याच्या दुसऱ्या टोकाला काहीही असू शकतं. गाव बदललं, देश बदलला, नवरा शिकलेला आणि मायाळू असला तरी दावं सुटत नाही, कारण ते त्याच्या दुष्टपणाने बांधलेलं नसतं. बाई घरीच असते, या गृहीताने ते बांधलेलं असतं. आणि आपल्या मायेने आपणच ते घट्ट करत असतो. 'त्याला माझ्याच हातचं लागतं' हे मी किती अभिमानाने सांगत असे!

यात मालकीचाही एक भाग आहे. कराच्या पावतीवर नाव नवऱ्याचं होतं, कारण पैसे त्याच्या खात्यातून जात. जर्मन कायदा १९९०पासून म्हणतो की प्राणी ही वस्तू नव्हे. तरीही नवरा-बायको वेगळे झाले तर कुत्र्याचा निकाल घरातल्या सामानासारखाच लागतो, आणि तेव्हा कागद बघितले जातात. शेतात राबायचं बाईने आणि सातबारा नवऱ्याच्या नावावर, हे आपल्याला पाठ आहे. शेतकरी संघटनेने १९९०च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली ती याचसाठी. राबणारीचं नाव कागदावर हवं, हे जमिनीला लागू असेल तर जिवंत प्राण्याला का नको?

परत गेल्यावर मी भांडले नाही, कागद घेऊन बसले. स्टुटगार्टकडे एक जुनी प्रथा आहे, केअरवॉखे. जिना झाडण्या-पुसण्याची आठवड्याची पाळी. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. इमारतीत ती पाटी कुणाच्याही दारावर असो, झाडू बहुतेक बाईच्याच हातात दिसतो, तो भाग वेगळा. पण कल्पना मला आवडली. आम्ही मोत्याची पाटी केली. एक आठवडा त्याचा, एक माझा. पाळी म्हणजे नुसतं हिंडवणं नव्हे. डॉक्टर, जेवण, औषध संपलंय हे लक्षात ठेवणं, सगळं. पावतीवर आता दोन नावं आहेत. माझ्या मोकळ्या आठवड्यांत मी संध्याकाळच्या जर्मनच्या वर्गाला जाऊ लागले. मोत्या आला त्या वर्षी तो वर्ग मीच सोडला होता. मला कुणी सोडायला सांगितलं नव्हतं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. नवरा विसरतो, मग मला आठवण करून द्यायचा मोह होतो. आठवण करून देणं हेही कामच आहे, म्हणून मी जीभ आवरते. एकदा मोत्याचं जेवण संपलं आणि त्याला रात्री साधा भात खावा लागला. त्याने तो आवडीने खाल्ला. माझ्या हातचा नव्हता तरी.

आई आता काठी घेऊन चालते. माझी तिच्याकडे वर्षातून एक खेप ठरलेली आहे, त्या तारखा पाटीवर आधी लिहिल्या जातात आणि सुट्टीचं बाकी सगळं नंतर.

तुमच्या घरात हे वाक्य कुणासाठी बोललं जातं? कोणत्या दिवशी त्याच्यामुळे तुमचं कुठे जायचं राहिलं? आपल्या गटाच्या बैठकीत एकदा हा प्रश्न घ्या आणि काय बोलणं झालं ते जरूर लिहून कळवा. माझ्या आईने सांगायला चाळीस वर्षं घेतली. आपण एवढा वेळ घेऊ नये.