अभ्यास किती, एवढंच विचारू नका

"डॉक्टर, या उपचाराचा फायदा इतक्या अभ्यासांतून सिद्ध झालाय, मग तुम्ही तो का देत नाही?" मोबाईलवरचा लेख दाखवून हा प्रश्न तुम्हीही कधी विचारला असेल. प्रश्न रास्त आहे. पण माझ्या मते त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न हवा: ते अभ्यास एकत्र कसे केले?

एक उदाहरण पाहू. हृदयविकाराचा झटका आल्यावर शिरेतून मॅग्नेशियम दिल्यास जीव वाचतात का? १९९१ मध्ये ७ लहान चाचण्या, म्हणजे सुमारे १,३०० रुग्ण, एकत्र मोजले तेव्हा मृत्यूची शक्यता निम्म्याहून खाली आलेली दिसली. मग १९९५ मध्ये आयसिस-४ ही ५८,००० हून अधिक रुग्णांची चाचणी आली. तिच्यात फायदा दिसला नाही. 'औषध उशिरा दिलं गेलं' असा आक्षेप घेतला गेला. म्हणून मॅजिक या चाचणीत ६,२१३ रुग्णांना ते लवकर दिलं. २००२ मध्ये उत्तर आलं: फायदा नाही.

आता गंमत पाहा. २००७ च्या कॉक्रेन आढाव्यात २६ चाचण्या दोन पद्धतींनी एकत्र केल्या. 'फिक्स्ड इफेक्ट' पद्धतीत फायदा जवळजवळ शून्य आला. 'रँडम इफेक्ट्स' पद्धतीत मृत्यूची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसली. आकडे तेच, उत्तरं दोन!

असं का झालं? पहिली पद्धत मानते, की औषधाचा खरा परिणाम सगळीकडे एकच आहे. त्यामुळे मोठ्या चाचणीला मोठं वजन मिळतं. दुसरी मानते, की रुग्ण आणि उपचारपद्धतीनुसार परिणाम वेगळा असू शकतो. चाचण्यांमधला हा फरक हिशेबात घेतला, की वजनं एकमेकांच्या जवळ येतात आणि लहान चाचण्यांचा आवाज वाढतो. पण लहान चाचण्यांत चांगला निकाल लागला तरच त्या छापल्या जाण्याची शक्यता अधिक असते. निराशाजनक निकाल कपाटातच राहतात.

रँडम इफेक्ट्स पद्धत वाईट आहे, असं मी म्हणत नाही. अनेकदा तीच योग्य असते. पण सॉफ्टवेअरमध्ये ती एका क्लिकवर मिळते आणि ती इथे का निवडली, हे सॉफ्टवेअर सांगत नाही. ते संशोधकाने सांगायला हवं.

म्हणून पुढच्या वेळी तीन गोष्टी विचारा. सर्वांत मोठी चाचणी काय म्हणते? लहान आणि मोठ्या चाचण्यांचे निकाल जुळतात का? पद्धत बदलली तर उत्तर बदलतं का?

आणि हो, यावरून मॅग्नेशियम निरुपयोगी ठरवू नका. गरोदरपणातल्या झटक्यांवर (एक्लॅम्पसिया) ते आजही जीव वाचवतं. चालू असलेलं कोणतंही औषध स्वतःहून बंद करू नका. शंका असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.