शब्द एक, छटा अनेक

मैत्रिणींनो, लग्नाच्या जाहिरातीत 'होमली' हा शब्द तुम्ही शंभरदा वाचला असेल. घर सांभाळणारी, गृहकृत्यदक्ष मुलगी, असा आपण त्याचा अर्थ घेतो. मीही तसाच घेतला आणि फसले!

2016 साली धाकट्या वन्संसाठी अमेरिकेतलं एक स्थळ आलं. मुलगा तिकडेच वाढलेला. सासूबाई म्हणाल्या, "तू बी.ए. झालेली, शाळेत इंग्रजी शिकवतेस. माहिती तूच लिही." मी ऐटीत लिहिलं, 'सिंपल, होमली गर्ल.' फोटो मागाहून पाठवायचा होता. तो त्यांनी मागवलाच नाही! महिन्याभराने मध्यस्थ बाईंनी हळूच सांगितलं, "अहो, मुलगी दिसायला बेताची आहे, असं तुम्हीच लिहून दिलंत की!"

कोश उघडला आणि चेहरा उतरला. अमेरिकेत माणसाला 'होमली' म्हटलं, की तो रूपाने डावा. इंग्लंडात घराला म्हटलं, तर ते उबदार, आपलंसं वाटणारं. 'सिंपल'चंही तेच. पोशाख सिंपल असला तर छान. माणसाला म्हटलं, तर कधी कधी 'अकलेने कमी' असाही अर्थ निघतो. वन्सं मला काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवशी त्यांना आरशासमोर उभं पाहिलं नि माझ्या पोटात कालवलं.

तेव्हापासून वर्गात मी 'एक शब्द, एक अर्थ' हे पाठांतर बंद केलं. 'स्लिम' म्हणजे शेलाटी, 'थिन' नुसती बारीक, 'स्किनी' अगदी हाडं दिसणारी. 'चीप' म्हणजे स्वस्त खरं, पण हलक्या प्रतीचंही. कुणी दिलेल्या भेटीला तो शब्द लावू नये. आपल्याकडे तरी काय वेगळं? 'म्हातारा' आणि 'वयस्कर' यांचा अर्थ एकच, पण सासऱ्यांना आपण म्हातारा म्हणतो का?

मुलांचा अभ्यास घेताना एवढं करा. शब्दाच्या अर्थावर थांबू नका. कोशात त्याखाली दिलेलं वाक्य मोठ्याने वाचून घ्या. हॉर्नबी यांचा ऑक्सफर्डचा कोश 1948 पासून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच निघतो. त्यात अशी वाक्यं असतात, इंग्लंड-अमेरिकेतला फरकही दिलेला असतो. मग मुलाला विचारा, "हा शब्द कुणाला लावलेला चालेल, कुणाला नाही?"

वन्संचं पुढे नाशिकला छान जमलं. त्या वेळची माहिती मात्र त्यांनी स्वतःच लिहिली, आणि तीही मराठीत!