ह. घ्या., पण फ्लायव्हील नको!

शनिवार आला की आमच्या कामोठ्यातल्या गाडीवेड्या मंडळींत एकच चर्चा: गाडीत पुढचं काय बदलायचं? कुणाची पोलो जीटी, कुणाची व्हर्टस जीटी. पोर्शे-फेरारी इथे कुणाच्या पार्किंगमध्ये नाही. आपली स्पोर्ट्‌स कार म्हणजे चाकणला बनलेली आणि हप्त्यांवर घेतलेली. सध्या सगळ्यांच्या डोक्यात हलक्या पार्ट्‌सचं खूळ शिरलंय. हलकं फ्लायव्हील, हलकी क्रँक पुली, कुणी तर थेट कार्बन फायबरचा प्रोपेलर शाफ्ट. माझं स्पष्ट मत: रस्त्यावरच्या गाडीसाठी हा पैशाचा चुराडा आहे. शिव्या जरूर घाला, पण आधी गणित वाचा. :)

मुळात त्यांचा मुद्दा खोटा नाही. वेग घेताना इंजिनाला गाडी तर पुढे ढकलावी लागतेच, शिवाय आतले फिरणारे भागही जास्त वेगाने फिरवावे लागतात. म्हणून फ्लायव्हीलमधला एक किलो डिकीतल्या एका किलोपेक्षा महाग पडतो. किती महाग, ते गिअरवर ठरतं, आणि तेही गुणोत्तराच्या वर्गाने. गोम इथेच आहे.

समजा, फ्लायव्हील ४ किलोने हलकं केलं. हे ४ किलो मध्यापासून साधारण १० सेंमीवर होते, आणि चाकाची त्रिज्या ३० सेंमी आहे. पहिल्या गिअरला इंजिन चाकाच्या १४ पट फिरतं असं धरा. उत्तर येतं सुमारे ८७ किलो! म्हणजे मागच्या सीटवरचा एक धष्टपुष्ट मित्र खाली उतरवला. पाचव्या गिअरला ३.२ पट धरा. उत्तर साडेचार किलो. आता मित्र गाडीतच आहे, फक्त त्याची लॅपटॉपची बॅग आणि डबा उतरवला.

म्हणजे खरा फायदा पहिल्या गिअरचा. पण पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या टर्बो गाडीत पहिल्या गिअरला जोरात सुटताना इंजिन कमी पडत नाही, कमी पडते टायरची पकड. वाचवलेले ८७ किलो चाकं जागच्या जागी फिरवण्यात जाणार. आणि रोजच्या आयुष्यात पहिला गिअर वापरतो कुठे? संध्याकाळी सात वाजता कळंबोली सर्कलला, पुढे कंटेनर आणि मागे हॉर्न. तिथे जड फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जाच गाडी गुळगुळीत पुढे सरकवते. हलकं असेल तर क्लच जरा चुकला की इंजिन बंद.

गाडी खरी पळते ती त्याच कळंबोलीपासून सुरू होणाऱ्या एक्स्प्रेसवेवर. तिथे आपण पाचव्या-सहाव्या गिअरला असतो. माणसं धरून चौदाशे किलोच्या गाडीला ८० वरून १०० गाठायला ७ सेकंद लागत असतील, तर हे ४ किलो काढून वाचतो सेकंदाचा चार शतांश भाग. वर कारसाठी वेगमर्यादा १०० चीच, आणि २०२४ पासून पकडायला कॅमेरेही बसलेत. आपल्या धंद्यातला अ‍ॅमडालचा नियम आठवा राव! प्रोग्रॅमच्या ज्या भागात एक टक्का वेळ जातो, तो भाग कितीही झकास केलात तरी एका टक्क्यापेक्षा जास्त काही सुटत नाही. हे आपण ज्युनिअर पोरांना सोमवार ते शुक्रवार ऐकवतो आणि शनिवारी गॅरेजमध्ये विसरतो.

बाकीच्या पार्ट्‌सची कथा अजून वाईट. प्रोपेलर शाफ्ट पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत नसतोच. जिथे असतो तिथेही तो बारीक, त्यामुळे ५ किलो काढले तरी फिरण्याचा जादा फायदा जेमतेम एक किलोचा. बऱ्याच गाड्यांत क्रँक पुलीच्या आत रबर असतं, ते शोभेला नाही. क्रँकशाफ्टची पिळवटणारी कंपनं ते शोषतं. ते काढून भरीव अ‍ॅल्युमिनियम लावणं म्हणजे क्रँकशी वैर. आणि दुहेरी फ्लायव्हील काढून एकेरी बसवलं की गिअरबॉक्स डबा वाजवल्यासारखा खडखडतो.

मग हे पार्ट्‌स कामाचेच नाहीत का? आहेत की. फॉर्म्युला स्टुडंटमध्ये उतरणाऱ्या आयआयटी मुंबईच्या किंवा सोमय्याच्या ओरायन टीमच्या पोरांना विचारा. तिथली गाडी दोन-अडीचशे किलोची, आणि उभ्या जागेवरून ७५ मीटर सुसाट जायची वेगळी परीक्षा असते. तिथे दोन किलो म्हणजे जवळजवळ एक टक्का, तिथे अ‍ॅक्सल पोकळ करण्याला अर्थ आहे. शिवाय हलक्या फ्लायव्हीलने इंजिन झटकन चढतं-उतरतं आणि त्याची मजा येते, हेही कबूल. पण मग मजेसाठी घेतलं म्हणा, ‘परफॉर्मन्स’ म्हणू नका.

कारण हा नुसता हौसेचा प्रश्न नाही. फ्लायव्हील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, मजुरी वेगळी, वॉरंटीची कटकट वेगळी. आणि हा खर्च करणाऱ्यांच्याच गाड्यांचे टायर मी गुळगुळीत झालेले पाहिलेत. जुलैच्या पावसात बोरघाट उतरताना समोरचा ट्रक अचानक थांबला, तर तुम्हाला वाचवणार टायर आणि ब्रेक. त्याच पैशात चार उत्तम टायर, चांगले ब्रेक पॅड, ताजं ब्रेक फ्लुइड आणि अलाइनमेंट सहज होतं. वजनच कमी करायचं असेल तर डिकीतला महिनाभर पडलेला पसारा आधी काढा, फुकट आहे.

कुणाकडे उलटे आकडे असतील तर जरूर दाखवा, मी नीट बघेन. फक्त ‘फील येतो राव’ हा आकडा नाही. आणि मंडळी, ह. घ्या. म्हणजे हलके घ्या, विकत नव्हे!