माझ्याच नावे?

थंडी पडली की आमचे गॅरेजवाले काका उपदेश करतात. "साहेब, गारठ्यात टायरमधली हवा बसते, तपासत जा. खड्ड्याआधी ब्रेक दाबा, पण चाक आत उतरताना सोडा. दाबलेल्या ब्रेकनं पुढची स्प्रिंग आधीच दबते, मग दणका जास्त बसतो." मान्य! पण वाचकहो, सगळ्या रकमा माझ्याच नावे का? गाडी घेतली त्याच दिवशी मी रस्ताकर एकरकमी भरला. जमेच्या बाजूला काय, तर खड्डा!

पावसाळ्यात म्हणाले, "पाऊस थांबू द्या." आता डिसेंबर उजाडला, आभाळ कोरडं ठणठणीत. पाणी डांबराच्या भेगेतून झिरपतं, खालची खडी सैल करतं, उरलेलं काम चाकं करतात. पाण्याचा निचरा न करता वर डांबर ओतणं म्हणजे बुडीत कर्ज फेडायला नवं कर्ज देणं! मी तसं केलं तर संध्याकाळच्या आत मेमो मिळेल.

माझं काय, फार तर स्प्रिंग मोडेल. पण धुक्यातून मागे स्कूटरवर पोरगा येतोय, त्याचं हाड मोडेल. त्याला कोणता ब्रेक शिकवणार, काका?